खुर्च्यांची खोली

शनिवार धरू नका, असं झिराडकर मावशींनी फोनवर दोनदा बजावलं होतं. तरी मंडळाच्या अध्यक्षांनी हॉल शनिवारचाच बुक केला. ज्यू बाईंना व्याख्यानाला बोलवायचं आणि तेही शब्बाथच्या दिवशी, ज्या दिवशी त्या गाडीतसुद्धा बसत नाहीत! मग हॉलवाल्या चर्चच्या हातापाया पडून रविवारची दुपार मिळवायची कोणी? नीनानं. हॅरोच्या मराठी मंडळाची ती खजिनदार. खजिनदार म्हणजे नुसत्या पावत्या नव्हेत हो. चहा, खुर्च्या, पाहुण्यांची ने-आण, सगळं तिच्याच गळ्यात. या महिन्यात तिला यातलं काही म्हणजे काही नको होतं. तिला नुसतं झोपायचं होतं.

तिच्या नवऱ्याची, प्रणवची मेडनहेडची नोकरी जाऊन पाच आठवडे झाले होते. व्हिसा त्याच नोकरीवर टांगलेला. साठ दिवसांत दुसरी कंपनी मिळाली नाही तर गाशा गुंडाळून पुण्याला परत. नीना शाळेत दुपारच्या जेवणाच्या वेळी पोरांवर लक्ष ठेवायची. त्या पगारात घरभाडं निघतंय कुठलं? गुरुवारी भाडं द्यायचं होतं आणि आठशे पौंड कमी पडत होते. आता गंमत बघा, अडचणीतल्या लोकांसाठी मंडळाचा मदत निधी होता आणि तो होता नीनाच्याच ताब्यात. अर्ज करायचा तर खजिनदाराकडे करायचा, म्हणजे स्वतःच स्वतःकडे. मग तो कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाणार आणि त्यानंतर काय होतं, ते तिनं मिलिंदच्या वेळी पाहिलं होतं.

मिलिंद नागपूरचा. गेल्या वर्षी त्याचीही नोकरी गेली होती. गणपतीच्या कार्यक्रमात अध्यक्ष पद्माकरकाकांनी त्याला स्टेजवर बोलावलं, माइकवरून "आपला एक बांधव संकटात आहे" असं सगळ्या हॉलला ऐकवलं आणि पाचशे पौंडांचं पाकीट हातात दिलं. टाळ्या पडल्या. पाकिटावर नाव नीनानंच घातलं होतं, ठसठशीत अक्षरात, कोपऱ्यात लाल पेननं एक फूलही काढलं होतं. फोटोही तिनंच काढून ग्रुपवर टाकला. त्रेपन्न जणांनी अंगठे दिले. त्यानंतर मिलिंद मंडळात पुन्हा फिरकला नाही. तेव्हा नीना घरी येऊन म्हणाली होती, "काय माणूस आहे बघ, साधं थँक यूसुद्धा नाही." आता पाच आठवडे तिला तेच वाक्य आठवत होतं आणि स्वतःची लाज वाटत होती.

रविवारी ती पिनरला मावशींना आणायला गेली. मावशी म्हणजे रिबेका झिराडकर, वय एक्याऐंशी, मूळच्या अलिबागजवळच्या झिराडच्या, इथल्या हॉस्पिटलातून वॉर्ड सिस्टर म्हणून रिटायर झालेल्या. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंचं मराठी ऐकलंय ना? आपल्यापेक्षा खणखणीत. दारातच हातात एक मोठा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन उभ्या होत्या. गाडीत बसल्या आणि आधी पोस्टरवरून सुरुवात केली.

"ज्यूंच्या श्रीमंतीचं रहस्य! हे कुणाच्या डोक्यातून निघालं गो?"

"पद्माकरकाकांच्या," नीना म्हणाली. "मी त्यांना सांगितलं होतं, मावशी. ते म्हणाले, असं लिहिलं नाही तर लोक येत नाहीत."

"डोंबल रहस्य! माझे बाबा घाण्यावर तेल काढायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. रहस्य ठाऊक असतं तर मी चाळीस वर्षं लोकांची बेडपॅन उचलली असती का?"

नीनाला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

"लोकांना थोडी रोख आणायला सांगितलंस ना?"

"हो, मेसेजमध्ये घातलं होतं. रॅफलची सोडत आहे का?"

"रॅफल कसली! बघशील," म्हणून मावशींनी डबा मांडीवर घट्ट धरला. "आणि तो मिलिंद माझ्या मागच्याच गल्लीत राहतो. त्यालाही ये म्हटलंय मी."

नीनानं नजर रस्त्यावरच ठेवली.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं जमली होती. मिलिंद खरंच आला होता, मागे रेडिएटरजवळ कोट न काढता बसला होता. पद्माकरकाकांनी आठ मिनिटं प्रास्ताविक केलं, त्यातली सहा स्वतःविषयी. मग मावशी उठल्या आणि त्यांनी पहिल्याच वाक्यात पोस्टरचा निकाल लावला. श्रीमंतीचं रहस्य आपल्याला ठाऊक नाही, ज्यांना ते हवं असेल त्यांनी चहा पिऊन घरी जावं. लोक हसले. कोणी उठलं नाही, चहा अजून व्हायचा होता.

"मला ठाऊक आहे ते एवढंच," मावशी म्हणाल्या. "आमच्यात गरिबांसाठी पैसे गोळा करायचे तर एकट्यानं करायचे नाहीत, दोघांनी मिळून करायचे. वाटताना तिघं लागतात. का? तर पुढाऱ्यावर कुणाला शंका यायला नको आणि पुढाऱ्याला माज यायला नको."

पुढच्या रांगेत पद्माकरकाकांनी मान डोलावली. आपल्याविषयी बोलणं चाललंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"आणि जेरुसलेमच्या जुन्या देवळात एक गुपचूप खोली होती. ज्याला द्यायचंय तो आत जाऊन ठेवायचा. ज्याची अडचण आहे, चांगल्या घरचा पण दिवस फिरलेला, तो आत जाऊन घ्यायचा. कुणी ठेवलं नि कुणी उचललं, कुणालाच कळायचं नाही. माणसाला चारचौघांत खाली मान घालायला लावणं हे आमच्यात रक्त सांडण्यासारखं धरतात."

नीनानं मागे वळून बघितलं नाही. तिची मानच वळेना.

मावशींनी डबा उचलून स्टेजशेजारच्या खोलीत नेला. तिथे चर्चच्या जादा खुर्च्या रचून ठेवलेल्या असतात. बाहेर येऊन म्हणाल्या, "आता एकेकानं आत जायचं. दार लावायचं, मनात तीस आकडे मोजायचे, बाहेर यायचं. ठेवा, घ्या, नाहीतर नुसते उभे राहा. पण जायचं सगळ्यांनी. अध्यक्षांनीसुद्धा. खजिनदारानंसुद्धा."

"पण मावशी," पद्माकरकाका उठले, "याचा हिशेब कसा ठेवायचा? आणि समजा कोणी घेतलेच तर?"

"घेऊ दे की. त्यासाठीच ठेवलाय डबा."

"म्हणजे कोण घेतंय ते आपल्याला कळणारच नाही?"

"आता कसं बरोबर समजलं तुम्हाला," मावशी म्हणाल्या. "जा, तुम्हीच पहिले जा."

पद्माकरकाका गेले. काय झालं देव जाणे, पण बाहेर आले ते काही न बोलता जागेवर जाऊन बसले. मंडळाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं असेल. मग रांग लागली. मिलिंद मध्येच कधीतरी आत जाऊन आला. सगळ्यात शेवटी मावशींनी नीनाकडे बघितलं.

"एक सांगायचं राहिलं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "जो दुसऱ्याच्या मदतीवर जगतो, त्यानंही त्यातलं थोडं द्यायचं असतं. तो नियम गरिबालाही सुटत नाही."

नीना आत गेली आणि तिनं दार लावलं. खोलीत जुन्या कार्पेटचा कुबट वास होता. डबा एका खुर्चीवर होता, झाकण नुसतं टेकवलेलं. तिनं मोजायला सुरुवात केली. सातपर्यंत ती नुसती उभी राहिली. खजिनदारानं डब्यात हात घालायचा? उद्या कुणाला कळलं तर? पण कळणार कसं? आणि कळणार नाही म्हणून घ्यायचं, हे तर चोराचं बोलणं झालं. मग तिला प्रणव आठवला. सकाळी तो उद्याच्या व्हिडिओ इंटरव्ह्यूसाठी शर्टाची फक्त कॉलर आणि पुढची बाजू इस्त्री करत होता. मागचं कोणाला दिसतंय, म्हणाला होता. बारा, तेरा. तिनं झाकण काढलं.

नोटा बऱ्याच होत्या. दहाच्या, विसाच्या, कुणी पन्नासाचीही टाकली होती. त्यांच्यावर एक पाकीट होतं. तिनं ते उचललं आणि मोजणं तिथंच थांबलं. ठसठशीत अक्षरात 'मिलिंद यांस, मंडळातर्फे सप्रेम', कोपऱ्यात लाल फूल. तिचंच अक्षर, तिचंच फूल. पाकीट चिकटवलेलं होतं तसंच होतं. वर्षभरात त्यानं ते उघडलंसुद्धा नव्हतं.

अरे देवा! काम नसलेला माणूस, घरात पोरं, आणि पाचशे पौंड कपाटात ठेवून हा वर्षभर कसा राहिला असेल? आणि ती त्याला कृतघ्न म्हणत होती. नीना रचलेल्या खुर्च्यांना धरून उभी राहिली. तीस कधीच होऊन गेले असतील. मग तिनं पाकीट पर्समध्ये ठेवलं, दुसऱ्या कशाला हात लावला नाही. पार्किंगसाठी ठेवलेलं दोन पौंडांचं नाणं काढून डब्यात टाकलं आणि झाकण नीट बसवलं.

बाहेर आल्यावर कोणी तिच्याकडे बघितलं नाही. चहा सुरू झाला होता. तेवढ्यात पद्माकरकाका कप घेऊन जवळ आलेच.

"साधारण किती जमलेत, नीना?"

"मोजले नाहीत, काका," ती म्हणाली. "आणि एकटीनं मोजणारही नाही. तुम्ही आणि मावशी बसा माझ्याबरोबर."

पाच वाजता हॉल रिकामा करायचा होता. पद्माकरकाका स्टेजवर बॅनर उतरवत होते, मावशी डबा मांडीवर घेऊन दाराशी बसल्या होत्या. मिलिंद मागच्या खुर्च्या गोळा करत होता. नीना दोन खुर्च्या उचलून त्याच्याजवळ गेली. तिला त्याच्याशी बोलायची भीती वाटत होती, पण न बोलता घरी जायची त्याहून जास्त वाटत होती.

"मिलिंद, तो फोटो मी काढला होता."

"माहीत आहे," तो म्हणाला. खुर्च्या रचायचं काही त्यानं थांबवलं नाही.

"चुकलं माझं. फार चुकलं."

"हं. मला सगळे पैसे परतच करायचे होते, पण पुन्हा त्या स्टेजजवळ जायचं नव्हतं. मावशी म्हणाल्या, थांब, मी काहीतरी करते. नोकरी गेली तेव्हा उसने पैसेही त्यांनीच दिले होते. व्याजाचं नावसुद्धा काढलं नाही."

म्हणजे खोलीचा सगळा खटाटोप याच्यासाठी होता. नीनाचं मावशींना काहीच ठाऊक नव्हतं.

"तुझं पाकीट मी घेतलंय," नीना म्हणाली. "प्रणवची नोकरी गेली. पाच आठवडे झाले. मी कुणालाच सांगितलं नाहीये."

एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं, भर हॉलमध्ये, दोन्ही हातांत खुर्च्या असताना. मिलिंदनं तिच्या हातातल्या खुर्च्या काढून घेतल्या. स्टेजवरून पद्माकरकाका इकडेच बघत होते, तसा तो सरकून स्टेजकडे पाठ करून तिच्यासमोर उभा राहिला, तिचं तोंड कुणाला दिसू नये असा.

"मला ते वर्षभर उघडवलं नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "तू घरी जाऊन उघड."