मोहाच्या दिवसांतली हाक

मोहाच्या दिवसांत जंगलात वाघ दिसला की हाक द्यायची, हे कोसंबडोहच्या माणसाला कोणी शिकवत नाही. मोहफुलं रात्रभर गळतात आणि बाया पहाटेच टोपली घेऊन झाडाखाली वाकतात. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. म्हणून ज्याला वाघ दिसला त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरायचे आणि पोटातून 'हूऽऽ' काढायचा. ज्याच्या कानी पडला त्यानं तो पुढे न्यायचा. बाया टोपल्या टाकतात, एका जागी गोळा होतात आणि आरडाओरडा करत गावाकडे निघतात. भाऊबंदकीचं भांडण असो, दोन-दोन वर्षं बोलचाल बंद असो, झाडाखाली कोणाची बायको आहे हे बघत बसायचं नसतं. हाक द्यायचीच.

मग गावाशेजारी सफारीचं गेट झालं आणि या हाकेलाही नियम लागला.

गेटवर पाटीच आहे. जंगलात गाईडनं ओरडायचं नाही, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायचा नाही, मोबाइल गेटवर जमा करायचा. बरोबरच आहे म्हणा. पुण्या-मुंबईची माणसं एवढे पैसे मोजून येतात ती काय गावाची बोंबाबोंब ऐकायला?

अश्वजित याच गेटवर गाईड होता. सिंदेवाहीच्या कॉलेजात बी.ए. झालेला पोरगा. बी.ए. होऊन वडसाच्या राइस मिलमध्ये दोन वर्षं धानाची पोती उचलली, पाठीची साल निघाली, तेव्हा कुठं गेटवर नंबर लागला. खाकी शर्ट मिळाला, छातीवर नावाचा बिल्ला आला. पाहुणे 'अश्वजित सर' म्हणायला लागले. ज्या मुकादमानं मिलमध्ये त्याला 'ए बी.ए.' म्हणून हाका मारल्या, तोच एकदा पोराबाळांना घेऊन सफारीला आला आणि यानं त्याला दुर्बीण धरायला शिकवलं. त्या दिवशी घरी येऊन त्यानं पिंकीला, बायकोला, ती गोष्ट तीनदा सांगितली.

पण सतरा दिवसांपूर्वी त्यानं जिप्सीतून हाक दिली होती. वाघीण रस्ता ओलांडून मोहांकडे निघाली आणि याच्या तोंडून 'हूऽऽ' निघून गेला. वाघीण बिचकली आणि उलट्या तोंडानं जंगलात पळाली. गाडीतल्या पाहुण्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी गेटवरच्या वहीत पानभर तक्रार लिहिली. अश्वजित पंधरा दिवस घरी बसला. वरून वनखात्याच्या साहेबानं सांगितलं, "आता एक तक्रार आली ना, तुझं नाव कायमचं कटलं समज."

त्या दिवशी झाडाखाली आशाबाई होती. शेजारीण. तळ्यावर जाळं टाकणाऱ्या घरची, नवरा गेलेला, एक पोरगी दिव्यानी, तीही गेटवरच कामाला. आशाबाई म्हणजे मुलखाची बोलभांड. अश्वजित घरी बसला तर ही अंगणात येऊन कमरेवर हात ठेवून हसली.

"काऊन गा अश्वजित, वाघीन त तिकडं पळाली होती, आन तू बोंबलून सोताच्याच पोटावर पाय देल्ला?"

"तुह्यासाठीच बोंबललो ना वो काकू."

"हाव बापा, माहीत हाये मले. म्हनून त तुह्या भरवशावर एकटी जातो मी."

हसत हसत म्हणाली, पण खरं तेच होतं. तिचा मोह सगळ्यांच्या शेवटी, अगदी सफारीच्या रस्त्याला लागून. कोणतं झाड कोणाच्या घरचं हे गावात आजोबा-पणजोबापासून ठरलेलं असतं. आशाबाईच्या वाट्याला ते आलं. बाकीच्या बाया सात-साडेसातला उठून जायच्या. हिचं झाड दाट, हिला आठ वाजायचे.

पंधरा दिवस सरले, अश्वजित परत कामावर आला, आणि दुसऱ्याच सकाळी त्याच्या वाट्याला पुण्याचे निमकर साहेब आले.

माणूस वाईट नव्हता हो. तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. साहेब गोड बोलायचे, ड्रायव्हर सुकलूलाही 'सुकलूभाऊ' म्हणायचे. मॅडमनी सगळ्यांना चिवडा वाटला. फक्त गाडीत बसताना साहेबांनी हाताएवढी लांब लेन्स मांडीवर घेतली आणि म्हणाले, "अश्वजित, ही आमची पाचवी सफारी. अजून वाघ नाही. मागच्या गाईडनं बडबडून डोकं उठवलं. तेवढं एक सांभाळ. शांतता पाहिजे मला."

"हाव जी," अश्वजित म्हणाला.

दोन तास जंगलात काही नाही. मोर, गवे, धूळ. पावणेआठला परतीच्या रस्त्यावर वळण घेतलं आणि सुकलूनं गाडी अशी थांबवली की मॅडमच्या हातातला चिवडा सांडला. तीस पावलांवर वाघीण. रस्त्याच्या मधोमध, आरामात बसलेली. आजूबाजूला दुसरी एकही गाडी नाही.

"अगं बाई!" मॅडम पुटपुटल्या. साहेबांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. कॅमेरा सुरू झाला.

अश्वजितनं वाघिणीकडे पाहिलं आणि मग तिच्या पलीकडे पाहिलं. रस्त्याच्या उजव्या अंगाला वाळलेल्या गवताचा पट्टा, आणि त्याच्यामागे मोह. मोहाखाली हिरवं लुगडं वाकलेलं होतं. वाघीण तिकडेच तोंड करून बसली होती.

त्याचे हात आपोआप तोंडाकडे निघाले आणि छातीपर्यंत येऊन थांबले. छातीवर बिल्ला होता.

सुकलूनं मान न वळवता कुजबुज केली. "आशाबाई होय ना बे ते?"

"हाव."

"मंग हाक दे ना."

"तू हॉर्न मार."

"हॉर्न मारला त गाडी बंद होते महिनाभर. मालक मले ठेवन का?"

"आन मी हाक देल्ली त मी कायमचा घरी. तुले माहीत नाई का?"

"लेका, बाई हाये ते."

"मले दिसून नाई राह्यलं का? तू मार ना हॉर्न!"

"श्श!" मागून साहेब. मग हळूच, लाडानं: "काय म्हणतोय रे सुकलूभाऊ?"

"उठन म्हन्ते साहेब आता," अश्वजित म्हणाला.

नाही उठली. आठ मिनिटं बसून राहिली ती. आठ मिनिटं म्हणजे थोडी नसतात. तेवढ्यात चहा होतो, तेवढ्यात माणूस गावातून धावत येतो. तेवढ्यात अश्वजितनं काय काय हिशेब केले म्हणता! वाघिणीचं पोट भरलेलं दिसतं. ती पाण्याला जाईल. आशाबाईची टोपली भरत आलीच असेल, उठेल आता. मागच्या वेळीही आपण उगाच ओरडलो, वाघीण तर उलटीच पळाली होती. सुकलू मारणार हॉर्न, त्याला राहवायचं नाही. बी.ए. झालेलं डोकं, कारणं काय कमी पडतात त्याला! आणि तिकडे सुकलू याच्या हाकेची वाट बघत स्टिअरिंग घट्ट धरून बसला होता.

मग आशाबाई सरळ झाली.

कमरेला हात लावला, पदरानं तोंड पुसलं आणि रस्त्याकडे पाहिलं. मधल्या गवतामुळे तिला वाघीण दिसत नव्हती. जिप्सी दिसत होती. जिप्सीत उभा राहिलेला खाकी शर्ट दिसत होता. तिनं अश्वजितला ओळखलं. शेजारच्या अंगणातून करते तसा हात वर केला, दोनदा हलवला.

हाक दिली नाही तर धोका नाही, हाही त्या हाकेचाच अर्धा भाग आहे. गावातलं पोरगं समोर उभं आहे आणि गप्प आहे, म्हणजे जंगल मोकळं आहे. कोसंबडोहची कुठलीही बाई असंच समजली असती. गाडी दिसली नसती तर कदाचित आशाबाई निघालीही असती. गाडी दिसली, अश्वजित दिसला, म्हणून ती निर्धास्त परत वाकली.

हे अश्वजितला त्याच क्षणी कळलं. कळलं नाही असं म्हणायला त्याला जागाच नाही. आपण गप्प बसलो नाही, आपण तिला 'वेच' म्हणून सांगितलं, हे त्याला लख्ख कळलं. तोंड उघडलंही त्यानं. घशातून हवा आली, आवाज आला नाही. मागे साहेब श्वास रोखून म्हणत होते, "क्या बात है, क्या बात है..."

वाघीण उठली. पोट जमिनीला लावून गवतात शिरली. गवत एकदा हललं, मग हललं नाही.

मग एक आवाज आला. अर्धाच. कोणीतरी मधेच तोंड दाबावं तसा. त्यानंतर माकडं ओरडायला लागली.

"हा चितळाचा कॉल ना?" साहेबांनी विचारलं. पुस्तकं वाचलेला माणूस, हौशी.

सुकलूनं डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. लुगडं आता कुठेच दिसत नव्हतं.

"हाव जी," अश्वजित म्हणाला. "चितळ."

"शिकार केली असेल का? जाऊया का पुढे?"

"नाई साहेब. तिकडं गाडी नाई नेता येत. टाइम झाला."

गेटपर्यंत पंधरा मिनिटं लागली. अश्वजितनं ठरवलं होतं की गेटवर उतरल्या उतरल्या वनरक्षकाला सांगायचं. काय सांगायचं तेही जुळवलं. मोहाकडून आवाज आला, कोणी आहे का पाहा. बाई दिसली होती असं म्हणायचं नाही, आवाज आला एवढंच म्हणायचं. त्यात खोटं काही नव्हतं. सुकलूनं पूर्ण वाटेत त्याच्याकडे पाहिलं नाही. यानंही पाहिलं नाही.

गेटवर दिव्यानी टेबल मांडून बसली होती. पाहुण्यांचे जमा केलेले मोबाइल पावतीवरचा नंबर पाहून परत द्यायचे, हे तिचं काम. आईसारखीच हसरी, आईपेक्षा थोडी कमी बोलणारी. वनरक्षक कुठेतरी चहाला गेला होता.

साहेब उतरले ते उड्या मारतच. साठीचा माणूस, पण लहान पोरासारखा. समोर जो पहिला दिसला त्याला फोटो दाखवायचाच होता त्यांना, आणि समोर दिव्यानी होती.

"हे बघ पोरी, हे बघ! आयुष्यातला फोटो आहे!"

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर वाघीण होती. दिव्यानीनं कौतुकानं पाहिलं. रोज पाहत असेल असे फोटो, पण पाहुण्याचं मन राखायची तिची रीत होती. साहेब एकेक पुढे सरकवत होते. मग थांबले.

"ह्याच्यात मागे हे कोण आलंय बघ. हात करतंय कुणीतरी. चांगली फ्रेम गेली. असू दे, कापून टाकू तेवढं."

दिव्यानी वाकली. काचेजवळ तोंड नेलं आणि खुदकन हसली.

"अवो, हे त माही माय होय!"

अश्वजित जिप्सीला टेकून उभा होता. त्याला वाटलं आता बोलावं. अजूनही बोलता आलं असतं.

हसता हसता दिव्यानीचं हसू थांबलं. तिनं काचेवर बोट ठेवलं, आधी वाघिणीवर, मग आईवर. मधलं अंतर बोटानं मोजलं. मान वर केली.

"भाऊ, तुमीच होते ना गाडीत? हाक देल्ली ना मायले?"

"हाव," अश्वजित म्हणाला. "देल्ली."

तिनं सुस्कारा सोडला. छातीवर हात ठेवला. "बाप्पा! जीवच गेला होता माहा."

"कसली हाक?" निमकर साहेब मोठ्यानं हसले आणि त्यांनी अश्वजितच्या खांद्यावर थाप मारली. "अगं, हा कसला ओरडतोय! दहा मिनिटं वाघीण समोर, आणि या पठ्ठ्यानं चकार शब्द काढला नाही. असा गाईड मी उभ्या जन्मात पाहिला नाही. वहीत लिहून जाणार आहे मी. कुठाय वही?"

दिव्यानीनं अश्वजितकडे पाहिलं. मग सुकलूकडे. सुकलू खाली बघत रडत होता.

खुर्ची मागे पडली, ती गेटच्या दांड्याखालून वाकून निघाली आणि सफारीच्या रस्त्यानं धावत सुटली. धावता धावता तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले. तिची हाक गावापर्यंत गेली, गावातून कोणीतरी ती उचलली, आणि बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर बाया ओरडायला लागल्या.

"काय झालं हिला?" मॅडम म्हणाल्या.

"अहो, पण आमचे फोन?" साहेबांनी टेबलावरची वही ओढून घेतली आणि पेन शोधायला लागले. "आता फोन कोण देणार?"

अश्वजित टेबलामागे गेला. त्यानं पडलेली खुर्ची उभी केली, पावतीवरचा नंबर पाहिला आणि दोघांचे फोन काढून दिले.