बारीक टेकू, थंड दुर्बीण

थांबा, ओळख करून देतो. मी काचेच्या धाग्यांचा एक टेकू. भरे गावात, धोंडाबाईंनी भाड्यानं दिलेल्या शेडमध्ये घडलो. अवकाशात जाणाऱ्या दुर्बिणीला खालच्या गरम यानावर तोलून धरायचं, हे आम्हा भावांचं काम.

ही दुर्बीण म्हणजे थंडीची भारी शौकीन! ती दूरच्या ताऱ्यांची ऊब टिपते. स्वतःच गरम राहिली, तर तिला दुसरं काही दिसायचंच नाही. म्हणून थंडाव्याचं काम बघणारी किमया सारखी म्हणायची, "टेकू बारीक कर ना! यानाची उष्णता यांच्यातूनच वर चढते."

बांधणीचं काम बघणारा निरंजन हात जोडायचा. "अगं, रॉकेट सुटताना केवढे हादरे बसतात! जाडच हवेत."

जाड ठेवावेत, तर थंड करणारं यंत्र मोठं लागायचं, त्याला वीज जास्त, की वजन वाढायचं, आणि मग निरंजनच कुरकुरायचा. शेवटी तासून तासून माझी पार काडी केली. खरं सांगू? मला आवडलं. सडपातळ दिसत होतो!

हादऱ्यांची चाचणी सुरू झाली. शेजारून धोंडाबाई धावत आल्या. "आवं, काय चाललंय हितं? माजी भांडी पडाय लागली फळीवरनं!"

इतक्यात कट्ट! माझे दोन तुकडे. दुर्बिणीचा नमुना कलंडला.

'मी सांगत होतो' म्हणायची निरंजनला आयती संधी होती. त्यानं वाकून नमुना सरळ केला. किमयानं मला उचललं. मोडलेली टोकं निरखली. मग म्हणाली, "निरंजन, एवढी ताकद लागते कधीपर्यंत?"

"वर पोचेपर्यंत. पुढं कसले हादरे?"

"मग तेवढ्यापुरता दुसऱ्या कुणी आधार दिला तर?"

मग जाडजूड पकडी आल्या. प्रवासात दुर्बिणीला घट्ट धरायचं, वर पोचल्यावर सोडून द्यायचं. पण एक जरी अडकली, तर तिच्यातून उष्णता चढतच राहणार, दुर्बीण आंधळी! अतिथंड पेटीतल्या पहिल्या चाचणीत एक अडकलीच. धातू थंडीनं आकसला होता. पुन्हा फटी मोजल्या, पकडी पुन्हा घडवल्या. दुसऱ्या खेपेला सगळ्या सुटल्या, तेव्हा किमयानं निरंजनच्या पाठीत असा धपाटा घातला की तो खोकायलाच लागला.

माझे बारीक भाऊ आता दुर्बिणीखाली उभे आहेत, निघायच्या तयारीत. मी निरंजनच्या टेबलावर, दोन तुकड्यांत. कामाला नवीच लागलेली सृष्टी परवा मायेनं गोंद घेऊन आली.

नको गं बाई, जोडू नकोस मला. नेमका कुठं मोडलो, ते बोटानं चाचपून बघ. तुला पुढचे टेकू घडवायचे आहेत.