जेवणानंतरचे दीडशे किलोमीटर

शाळेत बाईंना सगळे 'वेळापत्रकवाल्या बाई' म्हणायचे. बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक त्यांनीच केलं. कुठल्या वर्गाला कुठला तास, कोणत्या शिक्षकाला कधी मोकळीक, हे सगळं एका मोठ्या कागदावर चौकटी आखून मांडायचं. एकच माणूस एकाच वेळी दोन वर्गांवर जाता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं, पण करायला बसलं की घाम फुटतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी चौकटी आखल्याशिवाय त्यांना साधा बाजारही करवत नसे.

त्यामुळे शनिवारी गाडीनं लेकीच्या शहराला जायचं ठरलं, तेव्हा मंगळवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद अंथरला गेला यात नवल नव्हतं. अंतर सहाशे वीस किलोमीटर, आणि ते एका दिवसात कापायचं. त्याला कारण होतं. नात सुट्टीभर आजी-आजोबांकडे राहायला आली होती. सोमवारी तिची शाळा उघडत होती आणि आगगाडीत जागा मिळत नव्हती. आजोबांची बेकरी भट्टीच्या दुरुस्तीसाठी शनिवार-रविवार बंद राहणार होती. एक दिवस जायला, एक दिवस यायला. सोमवारी पहाटे भट्टी पेटलीच पाहिजे, हे आजोबांनी आधीच बजावलं होतं.

नात नऊ वर्षांची. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून तिचं नाव पडलं होतं खारू.

"आजी, सहाशे वीस किलोमीटर हे कसं कळलं?"

बाईंना असा प्रश्न कुणी विचारला की दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटे. फोनवर एका बोटानं अंतर कळतं हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी रस्त्यांचा कागदी नकाशा काढला आणि बेकरीतला पुडे बांधायचा दोरा खारूच्या हातात दिला.

"हा दोरा रस्त्यावर ठेवत जा. रस्ता वळला की दोरा वळवायचा. घाई नको. झालं? आता सरळ कर आणि पट्टीवर मोज."

"बासष्ट सेंटिमीटर."

"नकाशाचा एक सेंटिमीटर म्हणजे खरे दहा किलोमीटर. मग?"

"सहाशे वीस." खारूचे डोळे चमकले. "बरोबर आलं की गं."

"आपली गाडी तासाला साठ किलोमीटर जाते असं धरू. म्हणजे दोऱ्यावर किती सेंटिमीटरला गाठ मारायची?"

खारूनं ओठ चावत विचार केला आणि दर सहा सेंटिमीटरला एक गाठ मारली. दहा गाठी झाल्या आणि वर बोटभर दोरा उरला.

"म्हणजे दहा तास आणि वर वीस मिनिटं नुसतं चालवायचं," बाई म्हणाल्या. "त्यात नाश्ता, जेवण, दोन वेळा चहा. सगळं मिळून पावणेदोन तास थांबणं. सकाळी सहाला निघालो तर सहा वाजून पाच मिनिटांनी आईच्या दारात."

"आणि पावणेसातला अंधार," खारू म्हणाली. ते तिला आधीच सांगून झालं होतं. आजोबांना अंधारात समोरच्या गाड्यांचे दिवे सहन होत नसत. डोळ्यांपुढे नुसता पिवळा चिखल होतो, असं ते म्हणत.

आजोबा समोरच्या खुर्चीत चहात टोस्ट बुडवत बसले होते. "चाललं का तुमचं मंत्रिमंडळ?" ते म्हणाले. "अहो बाई, रस्त्यावर घंटा कोण वाजवणार? शिपाई पण घ्या बरोबर."

"घंटा खारू वाजवेल. तुम्ही चालवायचं बघा."

"छत्तीस वर्षं पहाटे दोनला उठतोय. सहाला निघायचं म्हणजे मला दुपारच झाली की. चालवण्याची काळजी तुम्ही नका करू."

बाईंनी मान खाली घातली आणि चौकट आखत राहिल्या. काळजी नेमकी तिथेच होती.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. गावाबाहेरच्या गिरणीतून मैद्याची पोती आणायला तिघंही गेले होते. येताना पावणेदोन वाजले होते. आजोबा चालवत होते, बाई शेजारी, खारू मागे पोत्यावर डोकं टेकून झोपलेली. रस्ता मोकळा होता. बोलता बोलता आजोबांचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. बाईंना वाटलं, शब्द आठवत असतील. मग गाडी हळूच, अगदी प्रेमानं वळावी तशी कडेला सरकली. खाली खडी वाजायला लागली आणि बाईंच्या खिडकीपासून वीतभर अंतरावरून एक झाड निघून गेलं. आजोबा दचकले, त्यांनी चाक गरकन फिरवलं आणि गाडी रस्त्यावर आली.

"खड्डा चुकवला," ते म्हणाले होते.

खड्डा नव्हता. बाईंनी रस्ता पाहिला होता आणि आजोबांची छातीवर आलेली हनुवटीही. तरी त्या नुसतं "हं" म्हणाल्या. घरी आल्यावर कुणाला सांगितलं नाही. लेकीला फोनवर सांगायचं तर ती म्हणणार, माझ्या मुलीला त्या गाडीत बसवूच नका. आणि आजोबांना सांगायचं तर ते म्हणणार, मी जागाच होतो. रोज दुपारी दीड ते चार ते अंथरुणावर आडवे होत. पण त्याला झोप म्हणायचं नाही. "जरा पडलो होतो, सगळं ऐकत होतो," असं घोरून उठल्यावर ते शांतपणे सांगत.

 तेव्हापासून भाजी चिरताना, दात घासताना बाईंना खडीचा आवाज यायचा.

आजोबा दुकान बंद करायला खाली गेले. बाईंनी कागद जवळ ओढला. त्यांनी एक युक्ती केली होती आणि ती जमल्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

"हे बघ," त्या खारूला म्हणाल्या. "शाळेत मधल्या सुट्टीनंतरचा तास सगळ्यात वाईट. पोट भरलेलं, डोळे जड. त्या तासाला मी कधी गणित ठेवलं नाही. गाणं नाहीतर हस्तकला. सोपं ते सुस्तीच्या वेळी. आता रस्त्याचंही तसंच. साडेसहाला निघालो असतो तर डोंगरातली वळणं जेवणानंतर आली असती. म्हणून मी सहाचं केलं. वळणं जेवणाआधी संपतात. दीड ते चार या चौकटीत कुठला रस्ता येतो सांग."

खारूनं दोऱ्यावर बोट सरकवलं. "हा. इथं काहीच नाहीये. दीडशे किलोमीटर नुसती रेघ."

"सपाट, सरळ, रहदारी कमी. सगळ्यात सोपा."

खारू बोलेना. खारू गप्प बसली की ताप आला का ते बघायचं, असा घरात रिवाज होता. बाईंनी तिच्या कपाळाला हात लावला.

"आजी, त्या दिवशीचा रस्ता पण सरळच होता ना?"

"कुठल्या दिवशीचा?"

"पोती आणली त्या दिवशीचा. आजोबा झोपले होते तो." खारू दोऱ्याची गाठ नखानं सोडवत होती. "मी जागी होते. मला आरशात आजोबांचे डोळे दिसत होते. मग दिसेनासे झाले."

बाईंनी कपाळावरचा हात काढून घेतला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पण नाही सांगितलंस."

नऊ वर्षांची पोर तीन आठवडे हे पोटात घेऊन हसत-खेळत होती. आणि तिला हे कुणी शिकवलं होतं ते उघड होतं. पण बाईंना त्याहून मोठी भीती वाटली ती समोरच्या कागदाची. वर्गात डुलकी लागली तर मूल बाकावर डोकं ठेवतं, इतकंच. म्हणून तिथं सोपा तास चालतो. गाडीत सोपा रस्ताच माणसाला झोपवतो. वळणावर हात हलतात, मन जागं राहतं. बावीस वर्षांच्या सवयीनं बाईंनी आजोबांच्या झोपेच्या वेळी नेमका झोपेचा रस्ता आणून ठेवला होता, तोही अर्धा तास आधी निघून, मुद्दाम.

त्या रात्री त्यांनी चौकटी मनातल्या मनात किती वेळा फिरवल्या त्याला गणती नाही. आजोबांनी वाटेत अडीच तास झोप काढावी, तर पोचायला साडेआठ, म्हणजे दोन तास अंधारात. पहाटे निघावं, तर तोही अंधारच. वाटेत मुक्काम करावा, तर सोमवारची भट्टी बुडते. शाळेत असं अडलं की एकच उपाय असे, त्या तासाला दुसरा माणूस द्यायचा. घरात गाडी चालवण्याचा परवाना असलेलं दुसरं माणूस एकच होतं. त्या माणसानं अकरा वर्षांपूर्वी फाटकाच्या खांबाला गाडी घासली आणि तेव्हापासून चाकाला हात लावला नव्हता.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला बाई बेकरीत गेल्या. शेवटचे पाव निघाले होते आणि आजोबा लाकडी टेबल पत्र्यानं खरवडत होते.

"शनिवारी दीड ते चार तुम्ही चालवायचं नाही," बाई म्हणाल्या.

"का?"

"त्या दिवशी खड्डा नव्हता."

खरवडणं थांबलं नाही. "झालं तुमचं सुरू. डोळ्यात मैदा गेला होता."

"खारूनं पाहिलंय. आरशात."

पत्र्याचा आवाज थांबला. आजोबा टेबलाकडेच बघत म्हणाले, "ती झोपली होती."

"नव्हती झोपली. तुम्ही झोपला होतात."

"दोन क्षण डोळा लागला असेल. म्हणून काय पोरीला पोचवायचं नाही? मग चालवणार कोण? तुम्ही? फाटक अजून वाकडं आहे आपलं."

"हो," बाई म्हणाल्या, "मी." आपलाच आवाज त्यांना परका वाटला. "आज दीड वाजता बाहेरच्या रस्त्यावर मला घेऊन चला. तुम्ही शेजारी बसा. जमलं नाही तर मी लेकीला फोन करून सगळं सांगते आणि शनिवारचं जाणं रद्द."

"सगळं म्हणजे?"

"सगळं."

आजोबा हसले, पण ते हसू काही टिकलं नाही.

खारूला शेजारच्या शिंपीणबाईंकडे ठेवून दोघं निघाले. गावाला वळसा घालणारा रस्ता रुंद होता. बाईंनी सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, मग पुन्हा नीट केला.

"आरशात तोंड बघून झालं असेल तर निघू या," आजोबा म्हणाले.

गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. बाईंनी चाक इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली. मागून एक ट्रक भोंगा वाजवत आला आणि त्याच्या वाऱ्यानं गाडी हलली. बाईंच्या घशातून बारीक आवाज निघाला.

"त्याला जाऊ द्या. तुम्ही आपली रेघ सोडू नका. गिअर बदला. चौथा. चौथा म्हणजे चौथा, तो दुसरा होता. चाक ढिलं धरा, पीठ मळत नाही आहात. पुढे बघा, बोनेटकडे काय बघता? लांब बघा, लांब."

सूचनांचा पाऊस चालू होता आणि बाईंना त्याचा आधार वाटत होता. लांब बघितलं की गाडी खरंच सरळ जाते हे त्यांच्या लक्षात आलं. चाळीस. पन्नास. समोर बस थांबली होती.

"आता काय करू? पुढे काढू का मागे थांबू?"

उत्तर आलं नाही.

"अहो, काय करू?"

त्यांनी क्षणभरच बाजूला नजर टाकली. आजोबांचं डोकं खिडकीला टेकलं होतं आणि तोंड उघडं होतं. घड्याळात एक बावन्न झाले होते. बायको अकरा वर्षांनी चाकावर बसलेली, ट्रक अंगावर येतायत, आणि तरी हा माणूस झोपला होता. त्याला हवं म्हणून तो झोपला नव्हता. छत्तीस वर्षांची सवय जडलेलं शरीर कुणाची परवानगी विचारत नव्हतं.

 या खुर्चीत हा माणूस, मागे खारू आणि पुढे दीडशे किलोमीटरची रेघ, हे चित्र बाईंच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना गाडी तिथंच सोडून पळावंसं वाटलं. पण गाडी चालू होती आणि बस जवळ येत होती. त्यांनी आरसा पाहिला, मागे कुणी नव्हतं. दिवा दाखवला, चाक थोडं वळवलं. बस बाजूनं मागे गेली.

उठवावं का? त्यांनी उठवलं नाही. त्या स्वतःशीच पुटपुटत राहिल्या, लांब बघ, रेघ सोडू नको, जसं पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला लावताना पुटपुटत. पाय थरथरत होता. तो काही थांबला नाही. थरथरत्या पायानंही गाडी चालते, एवढं त्यांना कळलं.

आजोबा जागे झाले ते एका गतिरोधकाच्या धक्क्यानं.

"गिअर," ते म्हणाले. "मी जागाच होतो."

"नाही. झोपला होतात."

"किती वेळ?"

"सव्वीस मिनिटं."

आजोबांनी बाहेर पाहिलं. वळशाचा रस्ता केव्हाच मागे पडला होता. दोन्ही बाजूंना उघडं माळरान होतं. त्यांनी आपले दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. त्या हातांवर भट्टीचे जुने डाग होते.  मग त्यांनी विचारलं,

"सव्वीस मिनिटं म्हणजे गाडी किती लांब जाते?"

"साठनं गेली तर सव्वीस किलोमीटर."

"आणि मला काहीच कळलं नाही." त्यांनी गळ्यापाशी सीटचा पट्टा चाचपला. "लेकीला मीच सांगतो. तुम्ही नका सांगू, मी सांगतो. शनिवारी जेवण झालं की किल्ली तुमच्याकडे. वळणं माझी, सपाट तुमचं."

"मला भीती वाटते हो," बाई म्हणाल्या.

"मलाही वाटते. मला झोपही लागेल आणि भीतीही वाटेल." ते थोडं थांबले. "उद्या याच वेळी परत येऊ. परवाही. आता पुढे जागा बघून वळवा. आरसा बघा आधी, ट्रक येतोय."

तो बाईंना आधीच दिसला होता. त्यांनी वेग कमी केला, चाक सरळ धरलं आणि तो भोंगा वाजवत बाजूनं जाईपर्यंत श्वास रोखून धरला.