परदेशी पँटचे अडीच इंच

मी मोजपट्टी बोलतेय. इंदूरला अन्नपूर्णा मंदिरामागे मारुती टेलरचं दुकान आहे, त्याच्या गळ्यात बावीस वर्षं लटकले. कडेचे आकडे पुसट झालेत, पण माझं माप चुकत नाही. या गोष्टीचा मला फार तोरा होता.

पूर्वी आम्ही अख्खे कपडे शिवायचो. लग्नसराईत मारुतीला जेवायलाही फुरसत नसे. मग मॉलमध्ये एका परदेशी कंपनीचं दुकान उघडलं. दर आठवड्याला नवा माल, तोही स्वस्त! कापड घेऊन येणारी गिऱ्हाइकं हळूहळू दिसेनाशी झाली. मी घाबरले. पण त्या पँटी तिकडच्या उंच माणसांसाठी बेतलेल्या. आमच्या लोकांच्या टाचेखाली लोळायच्या. झालं, निम्मं गाव पँटी कमी करायला आमच्याकडे! त्यावर मारुतीचं घर चाललं, लेकीचं, निशिगंधाचं, कॉलेजसुद्धा.

एक दिवस त्याच कंपनीची श्रेया वही घेऊन दुकानात आली.

"काका, आमच्या पँटी लोक किती छोट्या करवतात?"

इथं गप्प बसायला हवं होतं. पण मारुतीनं आधी पोहे-जिलबी मागवली.

"अरे बेटा, पहले खा तर! हां, लिहून घे. पुरुषांच्या अडीच इंच, लेडीजच्या तीन. आणि कमरेत थोडी ढील देत जा. इंदोरी माणूस आहे, खातो भिया!"

'भिया' म्हणजे भैया, इंदूरला पोरीबाळींनाही तेच म्हणतात. वर मला पसरून एकेक माप दाखवलं. मीही मेली ऐटीत पसरले.

"थँक्यू काकाजी," म्हणून श्रेया गेली. तिनं तिचं काम केलं, तिला काय बोल लावायचा?

सहा महिन्यांनी तिथं 'इंडियन फिट' आलं, मारुतीनं सांगितलेल्या मापांचंच, आणि आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक थांबलं. मारुती दिवसभर रस्त्याकडे बघत बसतो. मला ते बघवत नाही.

परवा त्याचा वाढदिवस होता. निशिगंधानं हौसेनं त्याच दुकानातून पँट आणली.

"बाबा, घालून तर बघा ना!"

त्यानं घातली. सवयीनं वाकून मला टाचेशी धरलं. कमी करायला सूतभरही उरलं नव्हतं.

"एकदम बराबर आहे, बेटा," तो म्हणाला. मग मला गळ्यातून काढून खुंटीला टांगलं. तेव्हापासून मी इथंच आहे.

तुमच्यापैकी कुणाची बाही लांब होत असेल तर या हो दुकानात. बोटभर असली तरी चालेल.