अंगठ्यातलं अंगुस्तान

नवऱ्याचं काहीतरी बिनसलंय, हे शिंप्याच्या बायकोने जेवतानाच ओळखलं. एरवी एका हाताने घास घ्यायचा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मोबाइलवरचे व्हिडिओ सरकवायचे, अशी त्याची रीत. आठवडाभर मात्र मोबाइल कोपऱ्यात पडून होता आणि हा माणूस चक्क तिच्याकडे बघून जेवत होता. वर "दिवस कसा गेला तुझा?" म्हणून विचारत होता. लग्न झाल्यापासून असं त्याने कधी विचारलं नव्हतं. पाणी कुठेतरी मुरत होतं.

तो आंघोळीला गेल्यावर तिने मोबाइल धुंडाळला होता. काही सापडलं नाही, त्यामुळे संशय आणखीच बळावला.

त्यात ते अंगुस्तान. शिवताना सुई टोचू नये म्हणून मधल्या बोटात घालायची ती धातूची टोपी दुकानातच राहायची. आता ती घरी यायची, तीही अंगठ्यात.

"अहो, काय लपवताय त्या टोपीखाली?"

"काही नाही गं," तो ओशाळला. "टोपीने काचेवरचे व्हिडिओ सरकत नाहीत. ती सवय मोडायची म्हणून घालतो."

तिने त्याला खालीवर न्याहाळलं. असल्या थापांना ती बधणार नव्हती.

"आणि बाकीची बोटं काय देवाला वाहिलीत?"

शिंपी आपल्या पंजाकडे बघतच राहिला.

ती भांडी घासून आली, तेव्हा अंगुस्तान अंगठ्यातच होतं आणि शेजारचं बोट काचेवर झपाझप चाललं होतं.