कणगीचा शिक्का

स्वरूपा टेबलाचा खण तिसऱ्यांदा उपसत होती आणि मी स्टुलावर उभा राहून कपाटावरची खोकी खाली देत होतो. आम्ही जो पेनड्राइव्ह शोधत होतो, तो माझ्या पॅन्टच्या खिशात होता.

“दाजी, आठवा ना जरा,” ती म्हणाली. “काळा आहे. टोपणाला कुंकू लागलेलं असेल.”

“असंल इथंच कुठंतरी,” मी म्हणालो.

स्वरूपा तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला आहे. माझी बायको विजयश्री हिने अकरा वर्षं जे काम केलं, त्यात ती सुट्टीच्या दिवशी मदत करायची. विजयश्रीला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

ते काम काय होतं, हे मी तिच्या हयातीत नीट विचारलंसुद्धा नाही. मी चाकणला एका कंपनीच्या टूलरूममध्ये फिटर आहे. ती एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिथल्या जुन्या मशीनवर नवीन काही चालेना, म्हणून तिने स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली. कॉम्प्युटर सुरू केल्यावर जे आधी जागं होतं आणि बाकीचं सगळं चालवतं, ते. दुसऱ्या कुणाच्या कामावर चढवलेलं नाही, पायापासून तिचं. नाव ठेवलं कणगी, गावाकडे धान्य साठवतात ती. कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, दुरुस्त करावी. आमच्या लातूरकडच्या काही शाळा, दोन वाचनालयं आणि परदेशातली थोडी माणसं ती वापरत होती. कुणाचं काही अडलं की ते हिला लिहायचे आणि ही स्वयंपाक उरकून उत्तरं देत बसायची.

घरमालक अर्जुनरावांनी एकदा जिन्यात विचारलं, “वैनी काय करत्यात वो दिसभर त्या डबड्यावर?”

“टायपिंगची कामं घेती,” मी सांगितलं. ती माझ्या मागेच भाजीची पिशवी घेऊन उभी होती.

सगळ्यांना उघडी असलेली वस्तू म्हटल्यावर तिच्या नावावर कुणी काहीही खपवेल. म्हणून कणगीची नवी आवृत्ती बाहेर पडताना तिच्यावर विजयश्रीचा शिक्का बसायचा. शिक्का म्हणजे एक छोटी गुप्त फाइल. आमच्या कंपनीत तपासणीचा शिक्का नसेल तर माल गेटबाहेर जात नाही, तसंच हे. शिक्का नसेल तर कणगीवरची मशीन नवीन काही घेतच नाहीत. ती फाइल फक्त त्या पेनड्राइव्हमध्ये होती. दुसरी प्रत दवाखान्यातून घरी आल्यावर देते, असं ती स्वरूपाला म्हणाली होती. ती घरी आली नाही.

स्वरूपा खाली फरशीवर बसली. “दाजी, मागच्या महिन्यात कणगीत एक भोक सापडलंय. बाहेरचा माणूस शाळेच्या मशीनमध्ये शिरू शकतो. दुरुस्ती तयार आहे, पण ताईंच्या शिक्क्याशिवाय पाठवता येत नाही.”

“नवा शिक्का करता येत न्हाई का?”

“येतो. पण मग प्रत्येक मशीनवर जाऊन हातानं बदलायला लागतो. तुम्ही म्हणताय घरातच आहे, म्हणून मी थांबलेय.”

म्हणजे ती माझ्यामुळे थांबली होती. शाळा माझ्यामुळे उघड्या पडल्या होत्या.

विजयश्री गेली त्याच्या चौथ्या दिवशी मी चौकातल्या स्टुडिओत गेलो होतो. श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचा होता, भिंतीवरचा फोटो करायचा होता. फ्लेक्सवाल्याला फाइल द्यायला पेनड्राइव्ह घेऊन या, असं स्टुडिओवाल्या जयदीपने सांगितलं होतं. मी तिच्या खणातला नेला.

“काका, हा उघडंना,” जयदीप म्हणाला. “फॉरमॅट करा म्हणतंय. सगळं पुसलं जाईल. महत्त्वाचं काही आहे का यात?”

“न्हाई रे. बायकोचा टाइमपास.”

मला माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण दर खंडेनवमीला मी पाटावर माझे पाने, मापं घ्यायचे व्हर्नियर, मायक्रोमीटर मांडायचो आणि ती शेजारी तो पेनड्राइव्ह ठेवायची. मी तो बोटाने कडेला सारायचो. “हे काय हत्यार हाय का?”

“तुमचं ते हत्यार आणि माझं खेळणं व्हय?” ती हसून म्हणायची आणि त्याच्या टोपणाला कुंकू लावायची. ते कुंकू फटीत बसलं होतं. जयदीपच्या हातात देतानाही मला दिसलं होतं.

मी स्टुलावरून उतरलो आणि पेनड्राइव्ह खिशातून काढून टेबलावर ठेवला.

“दाजी! सापडला?” स्वरूपाचा चेहरा असा फुलला की मला तिच्याकडे बघवेना. तिने लगेच लॅपटॉपला लावला. आत विजयश्रीचे फोटो होते. बाकी काही नव्हतं.

मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाली, “हाच का तो फोटो?”

“हाच.”

पुसलेलं परत मिळतं का बघते म्हणून ती पेनड्राइव्ह घेऊन गेली. तीन दिवसांनी परत आणून दिला. फोटोच्या फाइली मोठ्या होत्या, नेमक्या शिक्क्याच्या जागेवर बसल्या होत्या.

“आता नवा शिक्का करून सगळ्यांना कळवते,” ती म्हणाली. “शिक्का हरवला असं लिहिते.”

“हरवला न्हाई. नवऱ्यानं पुसला, असं लिही.”

“नको दाजी. जगभरातले लोक वाचतील.”

“वाचू दे. विचारलं होतं तरी पुसला, असं लिही.”

तिने पहिलं लिहिलं, दुसरं लिहिलं नाही. मी फार आग्रह केला नाही. त्याचीही लाज वाटते.

कुणीतरी शिव्या देईल अशी माझी अपेक्षा होती. औशाकडच्या शाळेतले मास्तर रंगराव यांचा फोन आला. “बावीस मशीन हायत, दोन दिवसांत उरकतो, तुम्ही काळजी करू नका,” म्हणाले. मग म्हणाले, “बाईंनी मला हे सगळं फोनवर शिकवलं. कधी कटाळल्या न्हाईत. तुम्हाला म्हाईतच असंल.”

“हो,” मी म्हणालो.

यंदाच्या खंडेनवमीला कंपनीतून आल्यावर मी पाट मांडला. पाने पुसले, ओळीने ठेवले. व्हर्नियर उचलून कडेला सरकवला आणि मधल्या जागेत तो पेनड्राइव्ह ठेवला. कुंकू लावलं. त्यात आता फक्त तिचे फोटो आहेत.