दहा एमबीच्या पुढचं मला चालत नाही

मी राजाजीनगरच्या एका ऑफिसातला सर्व्हर बोलतोय. फाइली ठेवून घ्यायच्या आणि मागितल्या की परत द्यायच्या, एवढंच माझं काम. पण येणाऱ्या प्रत्येक फाइलीकडे मी आधी संशयानंच बघतो.

त्याला कारण आहे. सत्त्याण्णव साली मी इथं आलो, तेव्हा कामाच्या नावाखाली लोकांनी सिनेमाची गाणी भरून माझं पोट तट्ट फुगवलं. आमचा सिस्टीमवाला उपेंद्र वैतागला. एका फाइलीचे दहा एमबी झाले की पुढचं घ्यायचं नाही, अशी त्यानं मला ताकीद दिली. 'नाही' कसं सांगायचं, हे शिकवायला मात्र विसरला. त्यामुळे मी दहा एमबी घ्यायचो, उरलेलं सोडून द्यायचो आणि 'फाइल पोचली' असं कळवायचो.

घरांचे नकाशे स्कॅन करून माझ्याकडे पाठवायचं काम निपाणीच्या कस्तुरीचं. गिऱ्हाईक ते माझ्याकडून उचलायचं. नकाशे लहान होते तोवर सुरळीत चाललं. मग मोठे कागद आले आणि तक्रारी सुरू झाल्या. म्हणे, नकाशाचा खालचा भाग कोराच येतो.

मॅनेजर वासुदेव पुण्याचे. त्यांचा संशय थेट कस्तुरीवर. बस गाठायच्या घाईत ही कागद पुरता सरकवत नाही, असं त्यांच्या डोक्यात बसलं. तिनं आपल्या कॉम्प्युटरवरचा अख्खा नकाशा दाखवला, तर म्हणाले, तक्रार आल्यावर पुन्हा स्कॅन केला असशील. माझ्याकडे फाइलीचं नाव दिसलं की काम झालं, अशी तिथली रीत. आत किती आलं, हे कुणी बघायचं नाही. शेवटी त्यांनी तिला दुसरी नोकरी बघायला सांगितलं. नोकरी गेली तर तिला निपाणीला परतावं लागणार होतं, आणि घरचे त्याचीच वाट बघत होते.

मला फार वाईट वाटलं. पण मला विचारतो कोण?

कस्तुरी रडत बसली नाही. वासुदेव आणि उपेंद्र या दोघांना तिनं बोलावून घेतलं, त्यांच्यासमोर एक मोठा नकाशा पाठवला आणि मी 'पोचली' म्हणताच तीच फाइल माझ्याकडून परत मागवली. दोन्ही नकाशे पडद्यावर शेजारी शेजारी ठेवले. परत आलेल्या नकाशात स्वयंपाकघराच्या खाली काहीच नव्हतं.

"स्वल्प बघा सर," ती म्हणाली; 'जरा'ला ती इथल्यासारखं कानडीतलं 'स्वल्प'च म्हणायची. "माझ्याकडनं निघाली तेव्हा पूर्ण होती. मधे फक्त हा आहे." आणि तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

उपेंद्रचा चेहरा उतरला. त्यानं माझे नियम बदलले आणि नकाशांसाठी मर्यादाही वाढवली. आता मी आधी आकार विचारतो, जास्त असला तर दारातूनच परत पाठवतो. खोटा आकार सांगणारेही असतात, म्हणून घेताना मोजतोही. वासुदेवांनी माफी मागितली नाही. काम चालू ठेव, एवढंच म्हणाले.

कस्तुरी राहिली. पण अजूनही ती पाठवलेली प्रत्येक फाइल लगेच परत मागवून बघते. मला राग येत नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

आता माझ्या जागी नवा सर्व्हर येतोय आणि माझी रवानगी अडगळीत होणार आहे. जाताना एवढंच सांगतो. झेपत नसेल तर दारातच नाही म्हणा. तुमचं खोटं 'हो' दुसऱ्याच कुणाच्या तरी माथी बसतं.